सुकतीची वेळ

संपादकांनी या स्मरणिकेसाठी लेखाची गळ घातली आणि तिच्यासोबत एक अटही घातली. 'लसीकरण, स्तनपान आणि मुलांचा ताप हे तीन विषय सोडून काहीही लिहा,' असे त्यांनी बजावले. सत्तावीस वर्षे बालरोगतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करणाऱ्या माणसाकडून हे तीन विषय काढून घेतल्यावर त्याच्यापाशी काय उरते, याचा मी दोन दिवस विचार केला. उरला तो गळच!

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात महिन्यातले दोन रविवार मी मांडवीच्या खाडीत होडीत बसून मासे धरण्याचा प्रयत्न करतो. 'प्रयत्न' हा शब्द विचारपूर्वक वापरला आहे. या छंदाची दीक्षा मला आमच्या एका भूलतज्ज्ञ स्नेह्यांनी दिली. तासन्‌तास एका रेषेवर नजर ठेवून काहीही न घडण्याची वाट पाहणे हा त्यांच्या व्यवसायाचाच भाग असल्यामुळे त्यांना हा छंद सहज साधला. मला तो साधायला फार वर्षे लागली. पूर्ण साधला आहे असे आजही म्हणवत नाही, आणि त्याची कबुली देण्यासाठीच हा लेख आहे.

धक्क्यावर बसून पाण्यात गळ सोडणे निराळे आणि जाणत्या माणसाच्या होडीतून उथळ खाडीत जाणे निराळे. दुसऱ्या प्रकारात काठी आपल्या हातात असली तरी निर्णय आपला नसतो. कुठे थांबायचे, आमिष कुठे टाकायचे आणि मुख्य म्हणजे कधी परतायचे, हे होडीवाला ठरवतो. आमच्या होडीवाल्यांना आम्ही 'तांडेल' म्हणतो. साठी उलटलेला, सडपातळ बांध्याचा आणि मितभाषी असा हा गृहस्थ. त्यांच्या नातवाच्या सर्दी-खोकल्याच्या निमित्ताने त्यांचा माझा परिचय झाला. पोराला तपासून मी म्हणालो होतो, "याला प्रतिजैविक नको. पाच दिवस थांबा, आपोआप उतरेल." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, मान हलवली आणि ते निघून गेले. पाचव्या दिवशी नातू बरा झाला. औषध न देता पाठवलेले पालक संध्याकाळपर्यंत दुसऱ्या डॉक्टरांकडे पोचलेले असतात, हा आपणा सर्वांचाच अनुभव. तांडेल मात्र ऐकून थांबले होते, हे माझ्या लक्षात राहिले.

आता हिवाळाच का, हे सांगायला हवे. पावसाळ्यात मांडवी ही नदी असते; हिवाळ्यात ती समुद्राचा एक हात होते. जून ते सप्टेंबर घाटावरून आलेले तांबडे, गढूळ, गोडे पाणी खाडी भरून वाहते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदीही असते. नोव्हेंबर सरता सरता वरचा ओघ आटतो, गाळ खाली बसतो आणि खारे पाणी आत शिरू लागते. भरतीचा परिणाम मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आतपर्यंत जाणवतो. पाणी निवळले की कोळंबी आणि लहान मासे खारफुटीच्या मुळांत आसरा घेतात, आणि त्यांच्या मागावर मोठे मासे उथळ पाण्यात येतात. वाळूच्या तळावर मुडदुशे, दगडी बांधाच्या कडेला तांबोशी, खाजनांच्या मानशीपाशी काळुंद्र आणि शेवटे. या सर्वांचा राजा म्हणजे चणक, ज्याला रायगड-अलिबागकडची मंडळी जिताडा म्हणून ओळखतात.

हिवाळ्यात वेळेचे गणितही बदलते. उथळ पाणी रात्री लवकर गार होते आणि गार पाण्यात मासा आळसावतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीत पहाटेची घाई उपयोगाची नसते. उन्हे चढून चिखलाचे तळ कोमट झाले, की मासा भक्ष्याकडे वळू लागतो. त्यातही उत्तम वेळ सुकतीची. ओहोटीला आमच्या किनाऱ्यावर सुकती म्हणतात. भरतीच्या वेळी खारफुटीत पसरलेली कोळंबी पाणी उतरू लागले की लहान लहान ओहोळांतून बाहेर ओढली जाते, आणि ओहोळाच्या तोंडाशी चणक दबा धरून बसलेला असतो. गळकऱ्याची सुवर्णवेळ हीच.

धोक्याची वेळही हीच. उतरणारे पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. भरतीच्या माथ्यापासून ओहोटीच्या तळापर्यंत साधारण सहा तास धरले, तर पहिल्या तासात एकूण उताराच्या जेमतेम बाराव्या हिश्शाएवढे पाणी कमी होते. दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक. म्हणजे मधल्या दोनच तासांत निम्मे पाणी निघून जाते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात आपल्याकडे भरती-ओहोटीतले अंतर दोन मीटरांच्या घरात जाते. त्यामुळे त्या दोन तासांत पुरुषाच्या कमरेएवढे पाणी पायाखालून सरकते. पहिल्या तासात मात्र काही घडते आहे असे वाटतही नाही. हे गणित मी नंतर पुस्तकात वाचले. तांडेल बांबूवरचा ओला पट्टा पाहून तेच सांगतात.

त्यांचे न ऐकण्याची सवय मला पहिल्यापासूनच होती. पहिल्याच हिवाळ्यात माझ्या गळाला एक शिंगाळा लागला. आमच्याकडे त्याला सांगट म्हणतात. "हात लावू नका," असे तांडेल म्हणाले; तोपर्यंत मी हात लावलेला होता. त्याच्या परावरचा काटा तळव्यात शिरला आणि खांद्यापर्यंत वेदनेची कळ गेली. तांडेलांनी चहासाठी आणलेल्या थर्मासातले गरम पाणी भांड्यात ओतले, खाडीचे पाणी मिसळून स्वतःच्या बोटांनी त्याची ऊब पाहिली आणि माझा हात त्यात बुडवून ठेवला. पाऊण तासात वेदना निम्म्यावर आली. सांगट, पाकट यांसारख्या माशांच्या काट्यातले विष उष्णतेने निष्प्रभ होते. ४० ते ४५ अंश सेल्सियसचे, पोळणार नाही असे पाणी हाच त्यावरचा ग्रंथोक्त प्रथमोपचार आहे. तांडेलांनी ग्रंथ वाचला नव्हता. किनाऱ्यावर आल्यावर जखम धुणे, काट्याचा तुकडा राहिला आहे का ते पाहणे आणि धनुर्वाताची लस घेणे एवढेच माझ्या ज्ञानाच्या वाट्याला आले. त्या दिवसापासून होडीत दोन थर्मास असतात. पण माणूस एका प्रसंगाने शहाणा होतो, यावर आता माझा विश्वास नाही.

तो रविवार १५ डिसेंबर २०२४ चा. आदल्या दिवशी दत्तजयंती झाली होती. उधाणाचे दिवस होते. सकाळी मी रुग्णालयात फेरी घेतली. डेंग्यूचा एक सात वर्षांचा मुलगा दाखल होता, आजाराचा पाचवा दिवस. रात्री त्याचा ताप उतरला होता. पोरगा अंथरुणात बसून चित्रांचे पुस्तक चाळत होता आणि वडिलांनी पिशवी भरून तयार ठेवली होती.

"डॉक्टर, ताप गेला. पोर हसतंय. मग आता घरी नेऊ ना?"

मी त्यांना नेहमीचेच समजावले. डेंग्यूत ताप चढलेला असतो तोवर घर घाबरलेले असते आणि ताप उतरला की घर सुटकेचा श्वास टाकते. आजाराचा क्रम मात्र नेमका उलटा असतो. ताप उतरण्याच्या सुमारास, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागण्याचा संभव असतो आणि पुढचे २४ ते ४८ तास सर्वांत जोखमीचे असतात. "वरवर शांत दिसतं तेव्हाच जपायचं. मी सांगेन तेव्हाच निघायचं," असे मी जरा ठसक्यातच म्हणालो. त्यांनी नाराजीने पिशवी पलंगाखाली सारली.

मुलाची नाडी, रक्तदाब, रक्ताची दाटी, सारे ठीक होते. माझ्या तरुण सहकारी डॉक्टरीणबाईंकडे सूत्रे सोपवून आणि पाच वाजेपर्यंत परततो असे सांगून मी निघालो. वाचकहो, यात कर्तव्यच्युती नव्हती, हे आधीच नमूद करतो. चूक पुढे झाली.

साडेअकराला रायबंदरहून आमची होडी सुटली. समोर चोडण बेट. त्याच्या पश्चिम टोकाला १९८८ साली घोषित झालेले डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. तांडेल त्या हद्दीजवळही गळ काढू देत नाहीत. बेटाला वळसा घालून आम्ही खारफुटीच्या एका ओहोळात शिरलो. भरतीचा माथा नुकताच होऊन गेला होता. तिवरांच्या श्वासमुळ्या पाण्याखाली होत्या, फांदीवर खंड्या बसला होता आणि उत्तरेकडून हिवाळ्यापुरते आलेले तुतवार कोरड्या कडेवर पाणी उतरण्याची वाट पाहत होते. या ओहोळाच्या तोंडाशी चिखलाचा एक उंचवटा आहे. पाणी आहे तोवर होडी त्यावरून सहज जाते. पाणी गेले की तो दाराच्या उंबऱ्यासारखा आडवा येतो आणि आतली होडी आतच राहते.

दोन तास काही लागले नाही. जिवंत कोळंबी गळाला लावायची, मुळांच्या कडेला अलगद टाकायची, दोर ताणून धरायचा, वाट पाहायची, पुन्हा ओढून घ्यायची. दोन वाजता श्वासमुळ्यांचे शेंडे दिसू लागले. अडीचच्या सुमारास मुळांपाशी चणकाचा तो ओळखीचा आवाज झाला. पाण्यात कोणी पोकळ हाताने थाप मारावी तसा. माझ्या गळाला हिसका बसला आणि दोर सैल पडला. मासा सुटला होता.

तांडेलांनी बांबू तळाला लावून वर घेतला. "दोतोर, उदक वता," ते म्हणाले. पाणी चालले आहे.

"दहाच मिनिटं. तो अजून इथेच आहे."

दहा मिनिटांनी त्यांनी पुन्हा बांबू घातला. "आतां पुरो."

मी ओहोळाकडे पाहिले. पाणी आरशासारखे स्थिर होते. वारा नव्हता, लाट नव्हती. होडी पाळण्यासारखी निवांत होती. घाबरण्यासारखे त्यात काय होते? "आणखी एक फेक," मी म्हणालो. माझ्या दवाखान्यात बसून पालक ज्या सुरात 'एकच इंजेक्शन द्या ना' म्हणतात, तोच हा सूर होता. त्या वेळी मात्र तो मला ओळखू आला नाही. तांडेल काही बोलले नाहीत. गिऱ्हाईक, शिवाय डॉक्टर. त्यांनी बांबू आडवा ठेवला आणि ते मागे जाऊन बसले.

त्याच फेकीला चणक लागला. वीस मिनिटे मी त्याच्याशी झुंजलो. दोनदा तो पाण्याबाहेर उसळला, एकदा मुळांत घुसू पाहत होता. चणकाच्या गालफडाची कड वस्तऱ्यासारखी धारदार असते, म्हणून गळाजवळ जाड दोर लावलेला असतो; तो खरवडून निघाला, पण तुटला नाही. अखेर तांडेलांनी मासा जाळीत घेतला. तीन फुटांच्या आसपास लांबी, रुपेरी अंग, माणकासारखा चमकणारा डोळा. मी फोटो काढला आणि तांडेलांनी त्याला पाण्यात धरून, तोंडात पाणी खेळवून सोडून दिले. एवढ्या आकाराचा चणक ते ठेवत नाहीत. हा मासा आयुष्याच्या पूर्वार्धात नर असतो आणि वाढत जाऊन पुढे मादी होतो. त्यामुळे मोठा चणक बहुधा अंड्यांची मादी असतो. ती गेली तर पुढच्या अनेक पिढ्या जातात, हे त्यांच्या आजोबांनाही ठाऊक होते.

मासा गेला आणि आम्ही अडकलो. ओहोळाच्या तोंडापाशी पोचलो तेव्हा उंबरा उघडा पडला होता. तांडेलांनी इंजिन वर घेतले, आम्ही दोघांनी बांबूने रेटून पाहिले. होडी चिखलात बसली ती बसलीच. घड्याळात तीन वाजून पाच मिनिटे झाली होती.

"चालत जाता येईल?"

तांडेलांनी बांबू चिखलात दाबला. तो माझ्या छातीएवढा आत गेला. दुसरी होडी मागवली तरी ती याच चिखलाच्या पलीकडे थांबणार होती. "भरती येईपर्यंत," एवढेच ते म्हणाले.

पहिला तास मी स्वतःच्या मूर्खपणावर हसण्यात घालवला. चार वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. डॉक्टरीणबाई होत्या.

"सर, त्या मुलाचं पोट दुखतंय, हात-पाय गार पडलेत. सकाळी हिमॅटोक्रिट ३७ होतं, आता ४५ आहे. रक्तदाब ९६ आणि ७८."

दोन आकड्यांतले अंतर १८ वर आले होते. वाचक डॉक्टर असल्याने अधिक सांगायला नको. वरचा आकडा ठीक दिसत असतो आणि मूल शुद्धीवर बोलतही असते. आणि त्याच वेळी ते आतून रिते होत असते. मी होडीत उभा राहून सूचना देऊ लागलो. त्यांनी दोन वाक्ये ऐकून घेतली आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, सलाइन सुरू केलंय. दर किलोला १० मिली, एका तासात. अतिदक्षता विभागात हलवलंय, रक्तपेढीला कळवलंय. तासाने पुन्हा हिमॅटोक्रिट करते. तुम्ही कुठपर्यंत आलात?"

मी खरे सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, "वडील विचारताहेत डॉक्टर कुठे आहेत म्हणून. वाटेत आहेत असं सांगितलंय."

समोर पणजी दिसत होती. २०१९ साली खुला झालेला अटल सेतू, रायबंदर-चोडण फेरीबोटीची ये-जा, सगळे डोळ्यांपुढे होते. गाडीने गेलो असतो तर अर्ध्या तासाचे अंतर. ज्या माणसाने सकाळी एका बापाला 'मी सांगेन तेव्हाच निघायचं' असे बजावले, तो माणूस सांगितले तेव्हा न निघाल्यामुळे चिखलात बसला होता. ताप उतरणे म्हणजे सुकती लागणे. वरचे पाणी शांत दिसते आणि खाली तळ उघडा पडत असतो. हे मी त्या बापाला सकाळीच समजावले होते आणि स्वतः मात्र आरशासारखे पाणी पाहून निर्धास्त झालो होतो. मुलाच्या वडिलांपाशी निदान अज्ञानाचे कारण होते. मला पाण्याचे कळत नव्हते, हे मला माहीत होते. ज्याला कळत होते तो माझ्याजवळच बसला होता, आणि त्याने दोनदा सांगितले होते.

पाच वाजता तळ पूर्ण उघडा पडला. तुतवार चिखलावर उतरून चोची खुपसू लागले. तांडेलांनी शेवयांचा डबा उघडून अर्धा माझ्यापुढे केला. माझ्या घशाखाली काही उतरत नव्हते. "तुमचं पोर आहे का तिथे?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, माझं नाही, दुसऱ्याचं आहे. त्यांनी मान हलवली. "मग तसंच," ते म्हणाले. थोड्या वेळाने मी त्यांना विचारले, "तुम्ही मला जोराने का नाही सांगितलंत?" त्यांनी बांबूवरचा चिखल पुसत उत्तर दिले, "नातवाच्या वेळी तुम्ही मला एकदाच सांगितलं होतंत."

या वाक्यात टोमणा नव्हता. जाणत्याने एकदा सांगावे आणि दुसऱ्याने ऐकावे, एवढाच त्यांचा हिशेब होता. परंतु त्या दिवशी मला कुणी याहून कठोर बोलू शकले नसते.

सहाच्या सुमारास सूर्य मावळला आणि पूर्वेला चोडणच्या झाडांमागून पौर्णिमेचा चंद्र वर आला. साडेसहाला फोन. हिमॅटोक्रिट ४१, दोन आकड्यांतले अंतर ३०, पाय कोमट झाले होते, मुलाने लघवी केली होती. सलाइनचा वेग कमी केला होता. पुढे तेच पाणी परत आत येते तेव्हा जादा सलाइन फुप्फुसांना भारी पडते, याचेही भान त्यांनी ठेवले होते. मला सांगण्यासारखे काहीच उरले नव्हते. मी फक्त 'बरं केलंत' म्हणालो. इतक्या वर्षांत त्यांना हे शब्द मी कितीदा म्हटले असतील, असा विचार मनात आला. उत्तर समाधानकारक नव्हते.

आठ वाजत आले तेव्हा होडीच्या तळाखाली पाणी बोलू लागले. प्रथम एक बुडबुडा, मग हलकासा हेलकावा. तांडेलांनी घाई केली नाही. होडी पूर्ण सुटेपर्यंत ते बांबू हातात घेऊन उभे राहिले. चांदण्यात आम्ही उंबरा ओलांडला.

सव्वानऊला मी रुग्णालयात पोचलो ते गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेल्या विजारीसह. मूल झोपले होते. नाडी भरली होती, पोट मऊ होते. वडील दाराशी उभे होते. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिले. 'वाटेत होतो' म्हणण्याची सोय होती. माझ्या सहकाऱ्यांनी ती माझ्यासाठी करून ठेवली होती. मी म्हणालो, "मासे धरायला गेलो होतो. होडीवाल्याने निघा म्हटलं, तेव्हा निघालो नाही. म्हणून अडकलो. तुमच्या मुलाला या डॉक्टरीणबाईंनी सांभाळलं."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सकाळी मी घेऊन गेलो असतो, तर आम्हीसुद्धा असेच अडकलो असतो." आणि अखेर गोव्याचा माणूस तो, हलक्या आवाजात त्यांनी विचारले, "चणक तरी लागलं?"

बुधवारी मुलगा घरी गेला. या खेपेला पिशवी मी सांगितल्यावर भरली गेली.

या घटनेचा कुणी असा अर्थ लावू नये की डॉक्टरने रविवारी होडीत बसू नये. मी पुढच्याच महिन्यात पुन्हा गेलो. बदलले ते दोनच गोष्टींत. पहिली, तांडेलांनी बांबू वर घेतला की मी न सांगता दोर गुंडाळतो, मग चणक कितीही जवळ असो. दुसरी जरा अवघड होती. माझ्यावाचून त्या विभागाचे पान हलत नाही, अशी समजूत मी अनेक वर्षे प्रेमाने जोपासली होती. ती त्या चिखलात राहिली. आता रविवारची सूत्रे मी खरोखरच सोपवतो. फोन मी करत नाही, गरज वाटली तर डॉक्टरीणबाई करतात. आपल्या पिढीचे पाणीही आता उतरणीला लागलेले आहे. सुरुवातीला हा उतार जाणवत नाही, आणि म्हणूनच जाणत्याने वेळेवर बांबू लावून पाहिला पाहिजे.

गळाच्या नादी लागू इच्छिणाऱ्या सभासदांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगून थांबतो. होडीत अंगरक्षक जाकीट चढवूनच बसावे, पाणी गुडघाभर असले तरी. गळाच्या टोकाचा उलटा काटा कानशीने घासून टाकावा. मासा सोडणेही सोपे जाते आणि स्वतःच्या बोटातून गळ काढणेही. गरम पाण्याचा थर्मास बरोबर असावा. आणि जाणता माणूस बरोबर असेल, तर त्याने 'आतां पुरो' म्हटल्यावर दुसऱ्यांदा सांगायला लावू नये.

संपादकांची क्षमा मागतो. मुलांचा ताप हा विषय टाळायचा होता; तो काही टळला नाही.